शिक्षकांचा मान परत कसा येईल? नववीच्या एका वर्गशिक्षिकेला सविस्तर उत्तर

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत नववीच्या वर्गशिक्षिका आहात. तास चालू असताना मागच्या बाकावरच्या मुलाने मोबाइल काढला आणि तुम्ही तो मागितला. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, हात लावायचा नाही, कायदा आहे." दुसऱ्या दिवशी त्याचे वडील थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावून त्यांच्यादेखतच समज दिली. स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले. काहींना छडी परत हवी आहे, काहींना मूल्यशिक्षणाचे तास वाढवून हवे आहेत. यातलं खरं काय, आणि शिक्षकांचा गेलेला मान परत येतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी माध्यमिक शाळेत आधी शिक्षक होतो, मग मुख्याध्यापक झालो आणि निवृत्तीनंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. मान छडीनेही परत येणार नाही आणि जादा तासानेही. मूल शिक्षकाला जोखतं ते असं: यांना विषय येतो का, हे सगळ्यांना एकच न्याय लावतात का, आणि यांच्या शब्दाला या शाळेत काही वजन आहे का. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहेत. तिसरी तुमच्याकडून काढून घेतली गेली आहे, आणि ती काढून घेणाऱ्यांत मुलांचा वाटा सगळ्यात कमी आहे.

"पूर्वी मास्तरांना केवढा मान होता" हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. गावात वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हा पत्र वाचून दाखवायला, कज्ज्याचा कागद समजून घ्यायला, मनीऑर्डरीचा फॉर्म भरायला मास्तरच लागायचे. त्या मानात गरज होती आणि मुलांच्या बाजूने भरपूर भीतीही होती. शिवाय तो मान सरसकट नव्हता. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकणारा समाज हाच होता. जो शिक्षक समाजाची घडी विस्कटत नव्हता त्याला नमस्कार, जो विस्कटत होता त्याला शेण. म्हणून "जुने दिवस परत आणा" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुणाचे दिवस? ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसून ऐकावं लागलं, ती घरंही आज तुमचे पालक आहेत. त्यांच्या मनात जुन्या शाळेची आठवण तुमच्या-माझ्याइतकी गोड नसते.

आता त्या मुलाच्या तोंडचा कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. नववीतलं मूल चौदा वर्षांच्या पुढचं असतं म्हणून आपल्याला मोकळीक आहे असं समजू नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणे वागणं हा गुन्हा आहे आणि तिथे मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं. पण यातल्या कुठल्याच कलमात तासाला मोबाइल काढून घेऊ नका, पालकांना बोलावू नका, मोडलेली वस्तू भरून मागू नका असं लिहिलेलं नाही. कायद्याने मार आणि अपमान काढून घेतला, शिस्त काढून घेतली नाही. गोंधळ झाला तो यामुळे की आपल्याकडे बहुतेकांना शिस्त लावण्याची तेवढीच दोन हत्यारं ठाऊक होती, आणि ती गेल्यावर दुसरं काय वापरायचं हे कुणी नीट शिकवलं नाही. डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात बाल मानसशास्त्र असतं, पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकाने उलट उत्तर दिलं तर पुढच्या दहा सेकंदांत काय करायचं याचा सराव कुणी करून घेत नाही.

तीच गत परीक्षेच्या धाकाची. आठवीपर्यंत नापास न करण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये होती. ती २०१९ च्या दुरुस्तीने सैल झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. काही शिक्षकांना यात मान परत मिळाल्यासारखं वाटलं. मला तसं वाटत नाही. नापासाच्या भीतीने गप्प बसणारा वर्ग आणि मान देणारा वर्ग केबिनच्या खिडकीतून सारखेच दिसतात. शिक्षक बाहेर गेल्यावर दोन्हींत काय होतं ते बघा.

मान खरा कुठे झिजला? शिक्षणसेवक योजना २००० साली आली. नव्याने लागलेल्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं हे मानधन २०२३ च्या आधी महिन्याला ६,००० रुपये होतं, त्यानंतर ते १६,००० झालं. महिन्याला सहा हजार म्हणजे दिवसाला दोनशे. गवंड्याच्या हाताखालचा माणूस त्याहून जास्त कमवत होता आणि हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. कायम विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान मागणार नाही या अटीवर मान्यता मिळालेल्या, शाळांचं दुखणं तर वेगळंच. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द सरकारने काढला, पण अनुदान वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी येत राहिलं आणि मधल्या काळात किती शिक्षकांनी संध्याकाळी रिक्षा चालवली, शेतात मजुरी केली, ते त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले सर टीव्हीवर दिसतात आणि सोमवारी तेच सर वर्गात येतात. मुलांना त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटते, नाही असं नाही. पण राज्य या माणसाला काय किमतीचं समजतं हेही त्यांच्या ध्यानात येतं.

दुसऱ्या बाजूने आपल्यातल्याच काहींनी भगदाड पाडलं. शिक्षकाच्या जागेसाठी संस्थेला 'डोनेशन' देणं हे आपल्याकडचं उघड गुपित आहे. २०२१ च्या अखेरीस टीईटीचा घोटाळा बाहेर आला. पात्रता परीक्षेचे गुण पैसे घेऊन वाढवल्याचं उघड झालं आणि खुद्द परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली. २०२५ मध्ये नागपुरातून बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी पगारासाठी लागणाऱ्या खोट्या ओळख क्रमांकांचं, प्रकरण पुढे आलं. बातम्या वाचणाऱ्या पालकाच्या डोक्यात मग एक साधा प्रश्न येतो, माझ्या मुलाला शिकवणारे हे सर कसे लागले असतील? नव्व्याण्णव शिक्षक प्रामाणिक असले तरी हा प्रश्न शंभरांना चिकटतो. शिक्षक प्रशिक्षणाची दुकानदारी हा जुनाच रोग आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातूनच न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यानंतर बरीच कॉलेजं बंद पडली, पण ती मुलं मिळेनात म्हणून. दर्जाचा आग्रह धरून बंद केलेली थोडीच.

आणि सरकारने मान परत आणायला काय केलं? २०२२ मध्ये 'आपले गुरुजी' म्हणून शिक्षकांचे फोटो वर्गात लावायला सांगितले. कारण काय, तर काही ठिकाणी शिक्षक आपल्या जागी भाड्याचा माणूस पाठवतात. थोड्यांच्या लबाडीसाठी सगळ्यांची ओळखपरेड. मार्च २०२४ मध्ये पोशाखाचा निर्णय आला. जीन्स, टी-शर्ट नको, आणि डॉक्टर जसे नावाआधी 'डॉ.' लावतात तसं शिक्षकांनी 'टी' लावावं. मी या निर्णयावर हसलो नाही, कारण हेतू वाईट नव्हता. पण जो माणूस दुपारी तिसऱ्या तासाला वर्ग सोडून सरकारी माहितीची ऑनलाइन लिंक भरायला ऑफिसात पळतो, त्याच्या नावाआधी कोणतंही अक्षर लावलं तरी वर्गाला तो पळतानाच दिसतो.

अशैक्षणिक कामांबद्दल इतकं बोललं गेलं आहे की मी थोडक्यात आटपतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपता येत नाही. मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशी घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही जाणता. माहिती, फोटो, पुन्हा तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात, आणि "आज संध्याकाळी पाचपर्यंत" असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप. यात वेळ जातो हे सगळे म्हणतात. माझ्या मते वेळेपेक्षा मोठं नुकसान हे की वर्गात शिकवणं कधीही थांबवता येण्यासारखी गोष्ट आहे असं मुलं शिकतात. ज्या कामाला शाळाच महत्त्व देत नाही ते करणाऱ्याला मुलांनी का द्यावं?

आता ज्या विषयावर लोक कमी बोलतात तिथे येतो, कारण मूल्यांचा खरा निकाल तिथे लागतो. तो विषय म्हणजे गुण.

दहावीला २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण बंद झाले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हे धरूनही या आकड्यांतून जे दिसायचं ते दिसतं. शाळेच्या हातातले गुण आपण वाटतो. मुलांना ते माहीत असतं. तोंडी परीक्षेला उभं न करता वीसपैकी एकोणीस मिळालेलं मूल खूश होतं, पण त्याच क्षणी त्याला कळतं की सरांच्या सहीला अर्थ नाही. प्रात्यक्षिकाची वही एकाची दुसऱ्याने उतरवलेली, तिच्यावर तपासल्याची खूण, आणि फळ्यावर सुविचार: सत्यमेव जयते.

कॉपीचंही तसंच. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे, दर फेब्रुवारीत कॉपीमुक्त अभियान असतं, भरारी पथकं असतात. तरी काही केंद्रांवर उत्तरं आत कोण पोचवतं हे विचारायची सोय नाही, कारण निकालाची टक्केवारी संस्थेला हवी असते, पटसंख्या टिकवायला मुख्याध्यापकांना हवी असते आणि पालकांनाही हवीच असते. ज्या शिक्षकाने पेपरच्या दिवशी डोळेझाक केली त्याला जूनमध्ये नव्या दहावीला प्रामाणिकपणावर बोलता येत नाही. बोलला तर वर्ग ऐकतो, आणि मनात हसतो.

अकरावी-बारावीचं बोलायलाच नको. मूल प्रवेश घेतं कॉलेजात आणि शिकतं क्लासमध्ये, त्याला 'इंटिग्रेटेड' असं गोंडस नाव. २०१८ मध्ये सरकारने यावर उपाय म्हणून विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. पण सोळा वर्षांचं मूल, त्याचे आईवडील, कॉलेज आणि क्लास असे चौघं मिळून खोटी हजेरी ठरवतात तेव्हा अंगठ्याच्या ठशाने काय अडणार? घरात लाखाच्या हिशेबात फी क्लासला जाते आणि कॉलेजातले सर फक्त प्रॅक्टिकलचे गुण देणारे उरतात. धाकटं भावंड नववीत तुमच्या वर्गात बसलेलं असतं आणि घरातलं बोलणं ऐकत असतं. त्याने उलट उत्तर दिलं की आपण म्हणतो, संस्कार राहिले नाहीत. संस्कार झालेत की, व्यवस्थित झालेत. फक्त आपण पाठवले होते ते नाही झाले.

मूल्यशिक्षणाकडे वळू. महाराष्ट्राच्या शाळांत परिपाठाला जोडून दहा मूल्यं सांगितली जातात. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. यादी चांगली आहे, मला तिच्यात खोट काढायची नाही. पण कुठल्याही शाळेत आठवडाभर बसा. वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांची तपासणी होते, कारण उशीर आणि नखं डोळ्यांना दिसतात. राष्ट्रभक्तीचे दिवस साजरे होतात. श्रमप्रतिष्ठेचं काय होतं? गृहपाठ न केल्याची शिक्षा म्हणून वर्ग झाडायला लावतात. झाडणं ही शिक्षा आहे असं एकदा मुलाच्या मनात बसलं की श्रमप्रतिष्ठेवरचे पन्नास परिपाठ वाया. आणि स्त्री-पुरुष समानता? पाहुणे आले की चहाचे कप मुलींनी न्यायचे, बाकं मुलांनी उचलायची.

रोजच्या प्रतिज्ञेत एक वाक्य आहे: "मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन." शिक्षकांचं भाषण या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर होतं. मुलांचं लक्ष दुसऱ्या अर्ध्यावर असतं. सर शिपाई मामांना कसं बोलतात, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना एकेरी हाक मारतात का, कुणाच्या आडनावावरून टोमणा मारतात का, फी थकलेल्या मुलाला वर्गात उभं करतात का. 'प्रत्येकाशी' हा शब्द शाळेने पाळला तर गुरुजनांचा मान वेगळा मागावा लागत नाही.

इथे हमखास एक सूचना येते की धर्माचं शिक्षण आणा, मूल्यं आपोआप येतील. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अरुणा रॉय खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढं स्पष्ट केलं की सर्व धर्मांविषयी माहिती देणं, त्यांतली समान मूल्यं सांगणं याला ही बंदी लागू होत नाही. म्हणजे संतांचे अभंग म्हणायला आणि त्यावर बोलायला आडकाठी नाही. पण अभंग पाठ आणि शेजारच्या बाकावरच्याच्या डब्याला शिवायचं नाही, असं चालत असेल तर तो अभंग नुसता आवाज आहे.

वागण्यातून मूल्य रुजवण्याची आपल्याकडची परंपरा मोठी आहे, बाहेरून काही आणायला नको. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती, स्वयंपाकात हात लावत होती, शेतात राबून शिकत होती. समतेवर तास घ्यावा लागला नाही, कारण पंगत रोज होती. अलीकडचं उदाहरण 'मूल्यवर्धन' या शालेय उपक्रमाचं. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ते सुरू केलं आणि पुढे ते राज्यभर गेलं. त्याचा पाया संविधानातली मूल्यं हा आहे. त्यात मला पटणारी गोष्ट ही की शिक्षक कमी बोलतो. मुलं जोडीत आणि गटात बोलतात, वर्गाचे नियम स्वतः ठरवतात. अर्थात जिथे या उपक्रमाची पुस्तिका फक्त भरून ठेवली गेली तिथे काही झालं नाही. आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट फाईल होऊ शकते.

आता करायचं काय. मोठ्या धोरणाची वाट न बघता शाळेच्या कुंपणाच्या आत जेवढं होतं तेवढंच सांगतो.

पहिली जबाबदारी मुख्याध्यापकांची, आणि तुमच्या प्रसंगात तीच निसटली. पालक तक्रार घेऊन आले तर त्यांना पाणी द्यावं, पूर्ण ऐकून घ्यावं, लिहून घ्यावं आणि म्हणावं, "मी मॅडमशी बोलून उद्या तुम्हाला फोन करतो." एवढंच. शिक्षकाला पालकांसमोर बोलावून झापायचं नाही आणि चौकशीआधी पाठीशीही घालायचं नाही. चूक निघाली तर केबिनचं दार लावून सांगायची. हे एक वर्ष सातत्याने केलं की वर्गशिक्षकाला टाळून थेट केबिन गाठणारे पालक कमी होतात, कारण तिथेही उत्तर वर्गशिक्षकाशी बोलूनच मिळणार हे त्यांना कळतं. दुसरं, पहिले चार तास कुणालाही वर्गातून बाहेर बोलवायचं नाही. पाहुणा येवो, लिंक येवो. अधिकाऱ्यांना हे नम्रपणे सांगता येतं. मी सांगत होतो आणि माझी नोकरी गेली नाही.

तुमच्या बाजूने सुरुवात जूनमध्ये करावी लागते. पहिल्या पंधरवड्यात वर्गाकडून नियम काढून घ्या. चार किंवा पाच, जास्त नकोत. प्रत्येक नियमासमोर तो मोडल्यावर काय होणार तेही मुलांनीच सुचवायचं. गंमत अशी की मुलं आपल्यापेक्षा कडक शिक्षा सुचवतात, त्यांना सौम्य करायला लावणं हे आपलं काम. मोबाइल दिसला तर तो सुट्टीपर्यंत मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि पालकांच्या हाती परत, असं ठरलं असेल तर तासाला वाद उरत नाही. आणि मग खरी कसोटी. पहिला मोबाइल संस्थाचालकांच्या पुतण्याचा किंवा वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचा सापडेल. तिथे तुम्ही काय करता यावर वर्ष ठरतं.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नसावा. जुलैपर्यंत प्रत्येक घरी एक चांगली बातमी गेली पाहिजे, "तुमच्या मुलाने आज प्रश्न छान विचारला," एवढी साधी. पुढे सप्टेंबरमध्ये तक्रारीचा फोन करावा लागला तर पलीकडचा माणूस भांडायला उठत नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणत्याही मुलाचं नाव घेऊन काही लिहू नका आणि रात्री उत्तरं देऊ नका. पालकांनाही एक सांगतो, कारण ते हे वाचत असतील. जेवताना मुलासमोर "तुमच्या बाईंना काही येत नाही" असं म्हणणं तुम्हाला स्वस्त वाटतं. दुसऱ्या दिवशी ते मूल त्या बाईंकडून काही शिकण्याची शक्यता तुम्ही घालवलेली असते. तक्रार असेल तर शाळेत या, जरूर या. पालक-शिक्षक संघ त्यासाठीच असतो आणि प्राथमिकच्या शाळा व्यवस्थापन समितीत तर कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. बहुतेकांना सही करायलाच बोलावलं जातं, हा दोष शाळांचा.

गुणांबद्दल एक सवय लावून घ्या. तपासलेले पेपर मुलांच्या हातात द्या, बेरीज त्यांना करू द्या, चूक निघाली तर तिथेच दुरुस्त करून सही करा. अंतर्गत गुणांसाठी खरोखर तोंडी घ्या, पाच मिनिटं का होईना, आणि गुण का दिले ते त्या मुलाला सांगा. वीसपैकी बारा मिळालेलं मूलही अशा शिक्षकाला मान देतं, असा माझा अनुभव आहे. गाईड हातात धरून शिकवणाऱ्याला ते एकोणीस मिळूनही देत नाही.

उरला तो मुलगा. वर्गात त्याने जे केलं ते पस्तीस प्रेक्षकांसमोर केलं, म्हणून वर्गात त्याचं उत्तर देऊ नका. तिथे मागे हटला तर त्याची इज्जत जाते, तुम्ही हटलात तर तुमची. "ठीक आहे, सुट्टीत बोलू," म्हणून धडा पुढे न्या. सुट्टीत त्याला एकट्याला बसवा, दार उघडं ठेवून. आधी त्याला बोलू द्या. कायदा त्याने कुठे ऐकला ते विचारा, आणि कायदा नेमका काय सांगतो ते त्याला वाचून दाखवा. कायदा तुमच्या बाजूने आहे आणि त्याच्याही. मग मोबाइलचा नियम आणि त्याचं आता काय करायचं, हे त्यालाच विचारा. वडिलांना मुलासह बोलवा, मुख्याध्यापकांनाही बसवा आणि झालेली गोष्ट मुलालाच सांगायला लावा. स्वतःच्या तोंडून सांगताना मुलं फारसं खोटं बोलत नाहीत. माफी वदवून घेऊ नका, वदवलेली माफी वर्गात विनोद बनून परत येते.

यातून एक वेगळं काढा. अंगावर धावून येणं, बाहेर बघून घेण्याची धमकी, शिक्षिकेचा फोटो विकृत करून फिरवणं, हा मानाचा प्रश्न नाही. तो गुन्हा आहे. तिथे समजूतदारपणाच्या नावाखाली संस्था दाबून टाकायला बघते. तसं होऊ देऊ नका. त्याच दिवशी लेखी अर्ज, त्याची पोच, स्क्रीनशॉट, आणि गरज पडली तर पोलीस. मुलाचं पुढे काय करायचं ते बाल न्याय मंडळ बघेल, तो भार तुमच्यावर नाही.

आणि मूल्यशिक्षणाचे तास वाढवण्याबद्दल स्टाफ मीटिंगमध्ये मत मागितलं तर सांगा, वाढवू नका, आठवड्याचा जो एक तास आहे तो वर्गसभेला द्या. मुलं गोलात, शिक्षकही त्याच गोलात. अध्यक्ष दर वेळी नवा, हजेरीपटाच्या क्रमाने, म्हणजे न बोलणाऱ्याचीही पाळी येते. विषय आठवडाभर एका डब्यात चिठ्ठ्यांनी जमा करायचे: खेळाचं मैदान कोण अडवतं, कुणाला कुठल्या नावाने चिडवलं जातं, कोणत्या सरांचा गृहपाठ अंगावर येतो. शेवटच्या प्रकारच्या चिठ्ठ्या काढून टाकायचा मोह होईल, टाकू नका. पहिल्या तीन-चार सभांत नुसता गोंधळ होईल आणि शेजारच्या वर्गाची तक्रार येईल. दिवाळीपर्यंत चालू ठेवा, मग तुमच्या वर्गाने काय ठरवलं आणि त्यातलं काय पाळलं, ते मला कळवा.